ती पानं माझी होती

धीरजला पोलिसांनी उचललं, हे इंदुमती सोनटक्क्यांना त्याच्या बायकोने सांगितलं, तेही कपड्यांचं गाठोडं परत देता देता. राधा दारातच उभी राहिली. गाठोडं सकाळी जसं बांधून दिलं होतं तसंच होतं.

"आंटीजी, बिना प्रेस के लौटा रही हूँ. वो नहीं हैं. चौकीवाले ले गए."

"कशाबद्दल?" इंदुमतीबाईंच्या तोंडून मराठीच निघाली. मग त्यांनी हिंदीत विचारलं.

"गाँजा बोल रहे हैं." राधाने आवाज खाली आणला. "झोले में पत्ते थे. वही, आपवाले."

इंदुमतीबाईंनी गाठोडं हातात घेतलं आणि तिथेच, उंबऱ्याच्या आत, खाली ठेवलं. 'आपवाले' हा शब्द तिने आरोप म्हणून उच्चारला नव्हता. पानं कुणाची हे ओळखू यावं एवढ्यापुरताच तो होता. म्हणूनच तो जास्त लागला.

पानं खरोखरच त्यांची होती.

सोनटक्के नवराबायको गुडगावच्या या नव्या सेक्टरात राहायला येऊन तीनेक वर्षं झाली होती. पद्माकररावांची सारी नोकरी फरीदाबादच्या एका कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी 'सूर्योदय' सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्या काळी सगळी दिल्ली गुडगावकडे बघत होती. काचेच्या इमारती उठत होत्या, परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि जिथे काहीच नव्हतं तिथेही पुढे काय होणार याचे रंगीत फलक उभे होते. सूर्योदयच्या मागच्या भिंतीपलीकडेही असाच एक फलक होता. त्यावर कारंजं आणि सरकता जिना होता. फलकाखाली मात्र माळरान, बांधकामाचा राडारोडा आणि भांग. कुणी न पेरता, कुणी न पाणी घालता, फेब्रुवारी संपता संपता ती गुडघ्याला लागायची आणि पावसात माणूस दिसेनासा व्हायचा.

इंदुमतीबाईंनी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. ते झाड त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्याच्याशी त्यांचा संबंध आला तो पद्माकररावांच्या पोटात गाठ निघाल्यावर. दिल्लीच्या हॉस्पिटलात दर काही आठवड्यांनी त्यांना ते जहाल औषध सलाइनमधून द्यायचे. घरी आले की उलट्यांना सुरुवात. वरणाला फोडणी दिली तरी त्यांना भडभडून यायचं. साठ वर्षांचा उंचापुरा माणूस पलंगावर एखाद्या दुमडलेल्या छत्रीसारखा पडून असायचा.

कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी दीनानाथ चतुर्वेदी, मूळचे मथुरेचे, भेटायला आले आणि त्यांची ती दशा बघून लगेच निघून गेले. पुढच्या रविवारी येताना उत्तर प्रदेशातल्या सरकारी परवान्याच्या दुकानातून भांगेची एक हिरवी गोळी कागदात बांधून घेऊन आले. "सोनटक्के, हमारे यहाँ तो यह भोग में चढ़ती है. दूध के साथ ले लो. ज़्यादा से ज़्यादा हँसोगे."

पद्माकरराव हसले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन मेतकूट-भात मागितला, आणि खाल्ला, आणि तो पोटात राहिला. इंदुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या होत्या.

दीनानाथजींना दर आठवड्याला येणं जमेना. "भाभीजी, इतनी दूर से क्या लाना, आपके पिछवाड़े तो जंगल खड़ा है," ते म्हणाले. खरंच होतं ते. भिंत चढणं गुडघ्यांना जमत नव्हतं म्हणून त्यांनी धीरजला सांगितलं. जिन्याखाली टेबल मांडून इस्त्री करणारा हा बुंदेलखंडाकडचा तरुण कपडे न्यायला यायचा तेव्हा पद्माकररावांच्या पायथ्याशी दोन मिनिटं बसायचा. त्याने कशाला, कशासाठी विचारलं नाही. आठवड्यातून एकदा झोळीभर कोवळी पानं आणून द्यायचा. त्या ती धुवायच्या, वाटायच्या, तुपात परतून ठेवायच्या.

आणि आता तो चौकीत होता.

पलंगावरून पद्माकररावांनी सगळं ऐकलं होतं. "इंदू," ते म्हणाले, "चपला घाल आणि जा."

निघता निघता मुलीचा, अक्षताचा, ऑफिसातून फोन आला. ती त्यांच्याजवळच राहायची आणि एका परदेशी कंपनीत नुकतीच टीम लीडर झाली होती. आईने एका वाक्यात सांगितलं तशी तिकडून आवाज चिरकला. "आई, प्लीज! तू बिल्कुल इन्व्हॉल्व होऊ नकोस. वकील बघू, पैसे देऊ, काहीतरी करू. पण तू पोलिसांना सांगणार की पानं तुझी? यार, आई, तुलाच आत टाकतील!"

"टाकू देत," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पोलीस चौकी म्हणजे हमरस्त्याच्या कडेच्या तीन खोल्या. बाजूला जप्त केलेल्या स्कूटर गंजत पडल्या होत्या. चौकीचा इन्चार्ज पस्तिशीचा, नीट विंचरलेला, बोलायला गोड माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"मैडम, आप टीचर रही हैं. ऐसे लोगों के चक्कर में क्यों पड़ती हैं?"

"पत्ते मेरे हैं," त्या म्हणाल्या. "मैंने मँगवाए थे. मेरे पति को कैंसर है. उनके लिए."

इन्चार्ज हसला. "आपने कुछ नहीं मँगवाया."

"मँगवाया. लिख लीजिए."

"मैडम, दो किलो गाँजा पकड़ा है, फूल-पत्ती समेत. गवाह हैं. आपकी सोसायटीवालों ने ही शिकायत दी थी कि पीछे नशेड़ी बैठते हैं. आप घर जाइए, साहब की सेवा कीजिए."

इंदुमतीबाईंना आधी त्याच्या गोडव्याचं नवल वाटलं, मग त्यातली मेख कळली. तो त्यांना सोडून देत होता. त्यांनी काही मागितलं नव्हतं, तरी सोडत होता. तीच पानं, तीच झोळी. पण जिन्याखालच्या माणसाच्या हातात गेली की गांजा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईची असली की काहीच नाही. अशी सूट घेऊन घरी जाणं त्यांना थुंकी झेलण्यासारखं वाटलं.

"मार्चमध्ये फूल कुठून आलं?" त्या मराठीतच पुटपुटल्या आणि उठल्या. इन्चार्जला वाटलं, म्हातारी निघाली. पण त्या चौकीच्या बाजूला गेल्या. गंजक्या स्कूटरींच्या मधून, चौकीच्याच भिंतीला लागून, भांग माजली होती. त्यांनी मूठभर उपटली, मातीसकट, आणि परत येऊन इन्चार्जच्या टेबलावर, त्याच्या उघड्या फायलीवर ठेवली.

"यह आपकी दीवार से तोड़ी है. अभी, सबके सामने. यह गाँजा है, तो मुझे बंद कीजिए. और जिसकी दीवार है, उसे भी."

कोपऱ्यातला हवालदार फिसकन हसला आणि लगेच खोकला. इन्चार्जचा गोडवा उडाला. त्याने पानं हाताने खाली लोटली. फायलीवर मातीचा डाग राहिला.

"मैडम को बाहर छोड़कर आओ."

"मैं फिर आऊँगी," इंदुमतीबाई म्हणाल्या. आतल्या खोलीच्या गजाआड त्यांना धीरजचा खांदा दिसला. "धीरज, घाबरू नकोस!" मराठी त्याला कळणार नव्हती हे बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

गवाह कोण, हे राधाने शोधून काढलं. सोसायटीचे सेक्रेटरी विनय गुप्ते.

विनय मराठीच, दादरहून बदलून आलेला, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. गणपतीत सोनटक्क्यांच्याच घरी मोदक खाऊन गेलेला. त्याने दार उघडलं आणि काकूंचा चेहरा बघून टीव्हीचा आवाज कमी केला.

"काकू, मी फक्त सही केली. पोलीस म्हणाले, शिकायत तुमची, तर साक्षीदार तुम्हीच व्हा."

"झोळी उघडलेली बघितलीस?"

विनयने नजर टीव्हीकडे वळवली.

"फुलं बघितलीस? वजन करताना उभा होतास?"

"काकू, अच्छा, ऐका ना. सोसायटीचं नाव आहे. लोक फ्लॅट बघायला येतात. मागे नशेडी बसतात म्हटल्यावर कोण घेईल? मी धीरजचं नाव दिलं नव्हतं. तो सापडला, त्याला मी काय करू?"

"न बघता सही केलीस, ते सांग. तेवढं तरी कोर्टात सांगशील?"

"मला यात ओढू नका, काकू." त्याने दार लावलं नाही, पण दाराला हात तसाच धरून ठेवला. इंदुमतीबाई जिना उतरल्या.

दिल्लीतल्या मराठी मंडळींत चंद्रप्रभा साळवी नावाच्या वकीलबाई होत्या. फी आधी न विचारणाऱ्या आणि नंतर न विसरणाऱ्या, अशी त्यांची ख्याती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"इंदुताई, केंद्राचा जो कायदा आहे ना, त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं असतील तर तो गांजा नव्हेच. पानांबद्दल अबकारीचे बारीकसारीक नियम असतील, फार तर दंड होईल. पण गांज्याचं कलम लावलं की जामीनसुद्धा महाकठीण. म्हणून तर ते फुलोरा लिहितात. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माणूस आत कुजतो. गरिबाला तेवढ्यात कबूल करून मोकळं व्हावंसं वाटतं."

"मी प्रतिज्ञापत्र दिलं तर?"

"तर सरकारी वकील तुम्हालाही आरोपी करा म्हणू शकतो."

"करू दे की. तेच तर म्हणतेय मी चौकीत."

चंद्रप्रभाबाईंनी चष्मा पुन्हा लावून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग कागद पुढे ओढला.

जामीन नाकारला गेला. धीरजला तुरुंगात हलवलं. त्या दिवशी इंदुमतीबाईंनी नेहमीसारखी ती परतलेली पानं दुधात कालवून वाटी पलंगाशी नेली, तर पद्माकररावांनी तोंड फिरवलं.

"नको. तो आत असताना मला हे जाणार नाही."

"तुम्ही उपाशी राहिलात म्हणून त्याला कुणी सोडणार नाहीये."

"तरी नको, इंदू."

त्या वाटी घेऊन उभ्याच राहिल्या. नवऱ्याची लाज त्यांना कळत होती. पण तिच्याहून मोठा राग त्यांच्या अंगात भरला होता. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे चोरून खात होतात, मी चोरून आणवत होते, म्हणून तो पकडला गेला. चोरी त्याने नाही केली, आपण केली. आता चोरून नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सारी सोसायटी फेरफटक्याला बाहेर पडते त्या वेळेला, इंदुमतीबाई स्वयंपाकघरातलं स्टूल आणि वेताची टोपली घेऊन मागच्या भिंतीशी गेल्या. स्टूल ठेवलं, चढल्या, भिंतीवर बसल्या. पलीकडे उतरताना एक गुडघा असा काही कळवळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. माणसं थांबून बघत होती. कुणीतरी "आंटीजी, गिर जाओगी" म्हणालं. त्यांनी निवांत पानं खुडली. टोपली भरली. मग प्रश्न आला परतण्याचा, कारण स्टूल भिंतीच्या अलीकडे राहिलं होतं.

भिंतीवरून एक हात खाली आला. अक्षता. ऑफिसचे कपडे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे रागाने आणि रडण्याने लाल.

"टोपली आधी दे," ती म्हणाली. "पागल झालीयस तू. सगळे बघतायत."

"बघण्यासाठीच केलं."

"कळलं मला ते," अक्षता म्हणाली आणि आईला वर ओढू लागली. भिंतीवर दोघी शेजारी टेकल्या, धापा टाकत. "उद्यापासून मी उतरते. तुझा तो... काय म्हणतात त्याला, नी कॅप..."

"गुडघ्याची वाटी."

"हां, ती फुटेल एक दिवस."

संध्याकाळी पद्माकरराव जेवले.

होळीनंतरच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. विषय दोन: लिफ्टची दुरुस्ती, आणि जिन्याखालचं इस्त्रीचं टेबल कायमचं हलवणे. राधा अजून तिथेच थोडेफार कपडे करत होती. तिलाही उठवायचं होतं. इंदुमतीबाई गेल्या आणि त्यांच्यासोबत, अक्षताच्या खांद्यावर हात टाकून, डोक्याला मफलर गुंडाळलेले पद्माकररावही आले. महिनोन्महिने त्यांना कुणी बघितलं नव्हतं. खुर्च्यांची कुजबुज थांबली.

विनयने ठराव वाचला. त्यात 'असामाजिक तत्त्व' असा शब्द होता.

इंदुमतीबाई उठल्या. हिंदीत बोलल्या, कारण सगळ्यांना कळायला हवं होतं. "गेल्या रविवारी याच अंगणात होळी झाली. मोठ्या पातेल्यात थंडाई होती. एका पातेल्यावर चिठ्ठी होती, 'बच्चों के लिए नहीं'. त्यात काय होतं, ते कमिटीने सांगावं."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं.

"मी सांगते. तेच होतं, जे धीरजच्या झोळीत होतं. तुम्ही प्यायलात, नाचलात, घरी जाऊन झोपलात. तो तुरुंगात आहे. भांग चांगली असं मी म्हणत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना मी ती कधी खा म्हटलं नसतं. मी एवढंच म्हणते की जो कायदा त्याला, तोच मला. पानं मी मागवली होती. असामाजिक तत्त्व हवं असेल तर ते बी-दोनशे चारमध्ये राहतं."

"आंटीजी, भावनेच्या भरात..." मागून एक जण बोलला.

तेव्हा पद्माकरराव बोलले. आवाज अगदी खोल गेला होता, म्हणून सगळे पुढे झुकले. "मी ती खातो. म्हणून दोन घास पोटात राहतात. तुमच्यापैकी कुणाला ते गैर वाटत असेल, तर माझ्या तोंडावर सांगा. मी बसलोय."

कुणी सांगितलं नाही. पण मतदान झालं तेव्हा ठराव बहुमताने मंजूर झाला. लाजेने गप्प बसलेले हातसुद्धा वर गेले. राधाचं टेबल दुसऱ्या दिवशी उचललं गेलं. भरलेल्या सभेत नवऱ्याने तोंड उघडलं तरी जग हलत नाही, हे इंदुमतीबाईंना त्या दिवशी चांगलंच कळलं. घरी येऊन त्यांनी कपाटातून एक पांढरी चादर काढली.

चंद्रप्रभाबाईंकडून कायद्याचे शब्द उतरवून घेतले. निळ्या रंगात, वर्गातल्या फळ्यावर लिहायच्या त्याच टपोऱ्या अक्षरात त्यांनी हिंदीत लिहिलं: 'कानून में गाँजा फूल को कहते हैं, पत्ते को नहीं. पुलिस पकड़े तो बिना पढ़े दस्तख़त मत करो.' खाली फ्लॅटचा नंबर. चादर बाल्कनीला, रस्त्याच्या बाजूने, बांधली.

वॉचमनने ती उतरवली. त्यांनी पुन्हा बांधली. पुन्हा उतरली, तर अक्षताने ऑफिसातून मोठी छापील करून आणली आणि लोखंडी गजांना तारेने आवळली. चौथ्या-पाचव्या दिवशी चौकीचा इन्चार्ज स्वतः जीप घेऊन आला आणि खाली उभा राहून वर बघू लागला.

"मैडम, उतारिए इसको. आप लोगों को भड़का रही हैं."

"पहले पढ़िए," बाल्कनीतून उत्तर आलं. "एक शब्द ग़लत हो तो बताइए, मैं ख़ुद उतारूँगी."

त्याने वाचलं. ओठ हलत होते, ते वरून दिसत होतं. शेजारपाजारच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. जीप वळवताना ड्रायव्हरवर उगीच ओरडला.

मग माणसं येऊ लागली. सोसायटीतली नव्हेत. पलीकडच्या गावातली एक आई, जिचा मुलगा असाच आत होता. बांधकामावरचे मजूर. एक म्हातारा, ज्याला चौकीवाल्यांनी दोनदा धरून दोनदा सोडलं होतं आणि दोन्ही वेळा का, हे त्याला कळलं नव्हतं. इंदुमतीबाई त्यांना हॉलमध्ये बसवायच्या, पाणी द्यायच्या. रविवारी चंद्रप्रभाबाई दिल्लीहून बसने यायच्या आणि सोप्या हिंदीत समजावून सांगायच्या: काय लिहून घ्यायचं, कशावर सही करायची नाही, कोर्टात काय मागायचं. पद्माकरराव आतून ऐकायचे. कधी कधी मधेच हाक मारून म्हणायचे, "त्यांना चहा विचारलास का?"

खटला उभा राहीपर्यंत पाऊस संपत आला होता. पद्माकरराव त्याआधीच गेले, ऑगस्टमध्ये, झोपेत. आदल्या दिवशी त्यांनी आमटी मागून खाल्ली होती. शेजारीपाजारी आले. विनयही आला. चपला दाराबाहेर काढून बराच वेळ बसला, आणि जाताना इंदुमतीबाईंकडे न बघता म्हणाला, "काकू, तारीख कधी आहे?"

कोर्टात इंदुमतीबाईंना सरकारी वकिलाने दरडावून विचारलं. "आपको मालूम है, आप अपने ही ख़िलाफ़ बोल रही हैं?"

"मालूम है. मार्च से यही बोल रही हूँ. कोई सुनता नहीं."

न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी त्यांना बसायला सांगितलं. मग विनयला बोलावलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण घाम फुटला होता. चंद्रप्रभाबाईंनी एकच विचारलं, झोळी उघडताना पाहिली का. त्याच्या समोरच्या बाकावर इन्चार्ज बसला होता.

"नाही," तो म्हणाला. "झोळी मी पाहिलीच नाही. सही माझ्याकडून घरी घेतली. कागद अर्धा कोरा होता."

चंद्रप्रभाबाईंनी सीलबंद पुडकं कोर्टासमोर उघडायची मागणी केली. सरकारी वकिलाने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. पुडकं फोडलं. आत वाळून तपकिरी झालेली पानं आणि कोवळे देठ, बाकी काही नाही. प्रयोगशाळेचा अहवालही तेच म्हणत होता. तो फायलीत कधीचा पडून होता, कुणी पुढे केला नव्हता इतकंच. वजनही दोन किलोच्या जवळपास नव्हतं.

धीरज सुटला. इन्चार्जची चौकशी होईल असं लिहिलं गेलं. त्याची बदली झाली, पण ती बढती होती की शिक्षा, हे कुणालाच सांगता आलं नाही. इंदुमतीबाईंना त्याचा संताप आला आणि तो त्यांनी चंद्रप्रभाबाईंना बोलून दाखवला. "पुढच्या चौकीत जाऊन हेच करणार ना तो?"

"करेल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी पुढच्या रविवारीही येणार आहे."

धीरज तुरुंगातून आला तो निम्मा होऊन. रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. राधाने सांगायचं टाळलं होतं. तो खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. इंदुमतीबाईंनी त्याची क्षमा मागितली, नीट, हात जोडून. त्याने घाईघाईने त्यांचे हात खाली केले. "आंटीजी, आप तो चौकी में आई थीं. मैंने सुना था," तो म्हणाला. "और तो कोई नहीं आया."

तो म्हणाला, आता तो गावी जाईल. सोसायटीने टेबल उठवलंय, नवा सेक्टर, नवी माणसं, कोण बसू देणार.

इंदुमतीबाई खाली गेल्या. पद्माकररावांची जुनी फियाट त्यांच्या पार्किंगच्या जागेत धूळ खात उभी होती. अक्षताला बोलावून त्यांनी गाडी बाहेर काढायला लावली आणि रस्त्याच्या कडेला लावून दिली. मग जागा झाडली, पाणी मारलं आणि धीरज-राधाला त्यांचं टेबल घेऊन यायला सांगितलं. वॉचमन धावत आला, त्याच्या मागून नवा खजिनदार, मग आणखी दोघं-तिघं.

"आंटीजी, यहाँ टेबल नहीं लगा सकते. रेज़ोल्यूशन पास हुआ है."

"जिन्याखालचं," त्या म्हणाल्या, मराठीतच. मग हिंदीत समजावलं. "रेज़ोल्यूशन सीढ़ी के नीचे का है. यह पार्किंग मेरे नाम पर है. कागज़ ऊपर है, देखना हो तो आइए."

"पर यह कमर्शियल..."

"तो केस कीजिए. मेरे पास वकील है, और टाइम भी बहुत है."

खजिनदाराने विनयकडे बघितलं. विनय जिन्याच्या तोंडाशी उभा होता. सेक्रेटरीपद त्याने सोडलं होतं. तो पुढे आला, त्याने टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं धीरजने धरलं. टेबल जागेवर ठेवलं गेलं, एक पाय डगमगत होता, तर राधाने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

इस्त्रीत कोळसे पेटायला वेळ लागला. इंदुमतीबाई तिथेच उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचून. ज्यांना जायचं होतं ते गेले. ज्यांना बघायचं होतं ते थांबले.